सर्वानुमते

लिहून देतो हो, एका पत्राचं काय एवढं, दहा ओळींचं तर काम — तुम्ही बसा आधी, जयवंतराव. त्या खुर्चीवर नको, तिचा वेत सुटलाय, बसाल आणि अडकाल — इकडे खिडकीशी बसा, निदान आग्रा रोडची धूळ तरी खायला मिळेल. आणि हे पेढे कशाला? नाही, आणलेत ते चांगलंच केलंत, गोड कोणाला नको असतं, पण कशाबद्दल म्हणतो मी. … माझ्यामुळे? छे हो, माझ्यामुळे काय, मी कुठे काय केलं. अगं, ऐकलंस का, घाडी आलेत आपले, कॉलेजातले, अर्धमागधीचे — कोकमाचं सरबत कर जरा. परवाच म्हणत होती ही, तुमचे ते घाडीसर बऱ्याच दिवसांत मुलुंडला फिरकले नाहीत म्हणून. मी म्हटलं, कसे येणार, एक तर हा एप्रिल महिना, पेपर तपासायचे, आणि वर ही भानगड. हं, तर पत्र. भांडुपच्या शाळेला नकार कळवायचा, इंग्रजीत कळवायचा कारण त्यांच्या हेडमास्तरांचं पत्र इंग्रजीत आहे, मुदत आज संध्याकाळी पाचची, आणि इंग्रजीचं माझ्याकडून बरं म्हणून इथे आलात. बरोबर ना? बरोबर. हा कागद, हे पेन. हे बघा, 'डियर सर' लिहून झालंसुद्धा.

पण एक विचारू का, राग मानू नका — नकार कशासाठी? नाही, माझं आपलं एक मत. शाळा चांगली आहे, कायमची नोकरी देतायत, प्रॉव्हिडंट फंड आहे, तुमची खोली भांडुपलाच, दुपारी जेवायला घरी जाल, नलिनीवहिनींनाही बरं पडेल. कॉलेजात काय आहे हो — सहा वर्षं झाली तुम्हाला, सहा वर्षं दर जूनमध्ये नवं पत्र आणि दर एप्रिलमध्ये जीव टांगणीला. तिथे संस्कृत शिकवायचं, मराठी शिकवायचं, एकदा चिकटलात की रिटायर होईपर्यंत कोणी हात लावणार नाही. … हो, अर्धमागधी नाही तिथे, ते कळतं मला. शाळेत कुठून असणार ती. आणि तुम्ही म्हणता तेही खरं, एकदा हातची सुटली की सुटलीच. बाप परळच्या गिरणीत साच्यावर उभा, आणि मुलगा घाटकोपरच्या जैन पाठशाळेत पोथ्यांना फडकी गुंडाळता गुंडाळता ती भाषा शिकला — हे स्टाफरूममध्ये नव्या माणसाला कोण सांगतं? मी सांगतो. आम्ही पुस्तकांच्या घरात वाढलेले लोक, आम्हाला चार श्लोक पाठ व्हायला छड्या खाव्या लागल्या. तुमचं कौतुक वाटतं मला, खरंच वाटतं. पण कॉलेज यंदा नवं पत्र देणार नाही म्हणजे — काय? ठेवून घेणार? कोण म्हणालं कॉलेज ठेवून घेणार म्हणून?

… मी?

बुधवारी. जिन्यात. हो, भेटलो होतो आपण जिन्यात, नाही कुठे म्हणतो — तुम्ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन खाली येत होता आणि मी वर चाललो होतो. मीटिंगमध्ये काय झालं म्हणून विचारलंत. आणि मी म्हणालो — काय बरं म्हणालो — 'मी बोललोय, थोडं थांबा, काहीतरी मार्ग निघेल.' शब्द न् शब्द लक्षात आहे की तुमच्या. पण जिन्यातलं बोलणं हो ते, जयवंतराव. एक पाय या पायरीवर, एक त्या पायरीवर, माणूस जिन्यात किती आणि काय सांगणार. मार्ग निघेल म्हणजे निघालाच असं थोडंच. आणि तेवढ्यावर तुम्ही भांडुपला नकार कळवायला निघालात? घरी विचारलंत तरी? … हं. वहिनी म्हणाल्या, नंदकुमार म्हणतायत म्हणजे काळजी नाही. … असं म्हणाल्या होय. बरं. असं म्हणाल्या.

थांबा, पेन झिरपतंय. आता मुळात गोष्ट कशी झाली ते बघा, म्हणजे तुमचा गैरसमज नको. विद्यापीठाचं सर्क्युलर आलं फेब्रुवारीत, तुम्हीही वाचलंत — यंदा जूनपासून फर्स्ट इयरच्या प्रत्येक मुलाला 'सामान्य शिक्षण' सक्तीचं, आठवड्याला चार तास. त्यात थोडं विज्ञान, थोडी राज्यघटना, थोडं आरोग्य, थोडी चित्रकला — ताटभर चटण्या-कोशिंबिरी आणि भाताचा पत्ता नाही. पण सक्तीचं म्हणजे सक्तीचं. आणि हे चार तास आणायचे कुठून, तर ते ज्या त्या कॉलेजनं आपलं आपण ठरवायचं, विद्यापीठ हात झटकून मोकळं. म्हणजे कोणाचे तरी चार तास जाणार. आता इंग्रजीला हात लावता येत नाही. इतिहास प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः शिकवतात, तेव्हा इतिहासाशिवाय राष्ट्र कसं उभं राहणार. मग राहिलं काय, दोनच विषय राहिले, तुमची अर्धमागधी आणि माझं तर्कशास्त्र, आणि — … हो. माझंही होतं यादीत. तुम्हाला माहीत नव्हतं? मी बोललो नव्हतो का कधी? बोललो असेन असं वाटलं मला. … नसेन बोललो. तुम्हीच एवढ्या काळजीत, त्यात माझी कुठे घाला, असं वाटलं असेल. दोन नावं होती, जयवंतराव, त्यातलं एक जाणार होतं, एवढंच. तुमच्या जागी मी असतो तर मला ते आधी कळावंसं वाटलं असतं, हेही मान्य.

मीटिंगचं सांगतो, सगळं सांगतो, म्हणजे तुमच्या ध्यानात येईल की मी बोललो — बोललो म्हणजे, बोलणार होतो. तुम्ही टेंपररी, तुम्हाला मीटिंगला बोलवत नाहीत, तेव्हा आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक नाही. साहेब दोन तास बारीकसारीक विषय चघळत बसतात, सायकल स्टँडचं छप्पर काय, पाण्याचा नळ काय, गॅदरिंगची वर्गणी काय — आणि खरा जो विषय तो राखून ठेवतात शेवटाला, कँटीनचा सहदेव ट्रे घेऊन आत येतो त्या क्षणाला. बटाटेवडे आणि चहा. सगळ्यांचे डोळे ट्रेकडे. साहेब ठराव वाचतात, 'कोणाचा विरोध?' म्हणून विचारतात आणि चहात साखर ढवळायला लागतात. ढवळून झाली की विषय संपला. कोणी बोललं नाही ना, मग लिहा सर्वानुमते. मी लागलो तेव्हापासून असंच चालू आहे, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट लवकर सुटतो म्हणून बरंच वाटतं. आणि त्या मंगळवारी सहदेवनं पहिली बशी ठेवली माझ्यापुढे, मी दाराशी बसलेला ना. मी वडा उचलला. मला काय माहीत साहेब इतक्या लगेच वाचतील. 'सामान्य शिक्षणासाठी तास उपलब्ध करण्याकरिता अर्धमागधी हा विषय येत्या वर्षापासून बंद करण्यात यावा, कोणाचा विरोध?' — आणि माझ्या तोंडात वडा. चांगला गरम, जीभ पोळली. तोंडात घास असताना माणूस विरोध कसा करणार, तुम्हीच सांगा.

… गिळायला असा कितीसा वेळ लागतो. हो. तेही खरं. तेवढा वेळ होता, खोटं कशाला बोलू. साहेबांनी दोन चमचे साखर घेतली आणि सावकाश ढवळली, माझ्याकडे बघत ढवळली. तेवढ्या वेळात माझा घास गिळून झाला होता, आणि मग मी दुसरा घेतला.

मुलांचा अर्ज? तो वाचला का म्हणता? तो — बासष्ट सह्यांचा, हो, तुमच्या वर्गातला नंदकिशोर घेऊन आला होता माझ्याकडे, त्याच्याबरोबर आणखी चौघं. 'सर, तुम्ही मीटिंगमध्ये वाचून दाखवा, घाडीसरांना सांगू नका आम्ही आलो होतो म्हणून.' आणि मग तुम्हाला सांगितलंच त्यांनी, पोरंच ती. कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता मी, हृदयाच्या बाजूला म्हणतात तसा. मीटिंगभर खिशात होता. दोनदा हातसुद्धा घातला. आणि मग काय झालं, कोट गेला धोब्याकडे, कागद त्यातच राहिला, आणि धोबी म्हणजे तुम्हाला माहीत — … नाही. धोब्याकडे कोट गेला ते खरं, पण कागद मी आधी काढून घेतला होता. याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. नका, नका उघडू, राहू द्या. कोणी गुजरातीत सही केलीय, कोणी इंग्रजीत, एकीनं नावापुढे घरचा पत्तासुद्धा लिहिलाय, खोली नंबर, चाळीचं नाव, सगळं. भीती कशी ती नाही. मी रोज ड्रॉवर उघडतो तो पेन काढायला आणि तो कागद वर येतो. मग मी त्याच्यावर लॉगच्या टेबलांचं पुस्तक ठेवलं. तरी येतो.

अगं — तू कधीची उभी आहेस तिथे? ठेव ना ते ग्लास. ठेव. घ्या जयवंतराव, थंड आहे. … काही नाही, आम्ही आपलं कॉलेजातलं बोलतोय. तिला मी वेगळं सांगितलं होतं. आता लपवण्यात काय अर्थ, तिनं ऐकलंच आहे सगळं. मी मंगळवारी घरी आलो आणि सांगितलं की मी ताडकन उभा राहिलो, म्हणालो, हा अन्याय आहे, एका माणसाच्या पोटावर पाय देऊन तुम्ही मुलांना नागरिकशास्त्र शिकवणार का — सुचलं हो ते वाक्य मला, पण घरी येताना सुचलं, स्टेशनवरून चालत येताना. तिला आवडलं. तिनं शेजारच्या क्षमाताईंना सांगितलं, क्षमाताईंनी त्यांच्या यजमानांना, आणि दुसऱ्या दिवशी ते मला दुधाच्या रांगेत म्हणाले, शाबास, असं बोलणारं पाहिजे कोणीतरी. मी म्हटलं, चालायचंच. काय म्हणणार दुसरं. बस ना गं तू, उभी का. … नाही बसत. बरं, उभी राहा.

आता एवढं सांगितलंच आहे तर — पेन ठेवतो बाजूला. सोमवारी नोटीस लागेल बोर्डावर, तेव्हा तुम्हाला दिसेलच, आणि बोर्डावर दिसण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. सामान्य शिक्षणाचा प्रमुख मी. म्हणजे मला नेमलंय. चार तासांची आखणी मी करायची, ते तास इतर प्राध्यापकांना वाटून मी द्यायचे, आणि त्यासाठी स्वतंत्र खोली — जिन्याखालची. हो, तीच, तुमच्या पोथ्यांचं कपाट आहे ती. कपाट हलवणार आहेत, कुठे ते अजून ठरलं नाही, वाळवी लागणार नाही अशी जागा बघा म्हणून मी सांगितलंय. … कधी ठरलं म्हणता? मीटिंगनंतर असं म्हणू शकतो मी. म्हणणारच होतो. पण आदल्या शनिवारी ठरलं, साहेबांच्या घरी. त्यांनी बोलावलं होतं, लिंबू सरबत दिलं, आणि म्हणाले, नंदकुमार, तर्कशास्त्र किंवा अर्धमागधी, मला एक काहीतरी द्या. मी कारकून नाही, मला कारण लागतं. अर्धमागधी का जावी याचं एक पानभर टिपण लिहून आणा, तुम्ही तर्कशास्त्राचे माणूस, तुम्हाला जमेल. आणि नवा विषय कोणीतरी सांभाळायला लागेलच.

मी लिहिलं. लिहिणार नव्हतो, पण रविवार सगळा मोकळा होता आणि एकदा सुरुवात केली की मला, जयवंतराव, थांबता येत नाही. हीच माझी खोड. कशालाही कारण सापडतं मला. वीस वर्षं मुलांना तेच शिकवतोय, हे असं आहे, म्हणून ते तसं आहे. अर्धमागधी बंद होऊ नये याला मला आठ कारणं सापडली होती, फेब्रुवारीत, तुमच्यासमोर बसून मोजून दाखवली होती स्टाफरूममध्ये, आठवतं ना. बंद व्हावी याला नऊ सापडली. पैकी आठ अशीच होती, कोणीही लिहील अशी, मुलांची संख्या, व्यवहारात उपयोग, वगैरे. नववं — नववं मी तुमच्याकडून घेतलं.

जानेवारीत आरे कॉलनीत स्टाफची सहल गेली होती. सगळे बॅडमिंटन खेळत होते, आणि आपण दोघं झाडाखाली बसलो होतो, दुधाच्या बाटल्या घेऊन, थंडगार. तुम्ही म्हणालात, नंदकुमार, एक सांगू, कोणाला बोलू नका. सहामाहीत त्या सुगंधाला अठ्ठावीस पडत होते. तुमच्याच भांडुपची मुलगी, चाळीतून कॉलेजात आलेली पहिलीच. बापानं बजावलेलं, एका विषयात जरी नापास झालीस तर गावाला पाठवणार, स्थळ बघून ठेवलंय. तुम्ही पेपर परत काढलात, परत वाचलात, आणि सात मार्क शोधलेत. 'शोधले' असाच शब्द वापरलात तुम्ही, 'दिले' म्हणाला नाहीत. आणि मग मान खाली घालून मला विचारलंत, मी चूक केली का हो. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, जयवंतराव, तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. मनापासून म्हणालो होतो, देवाशपथ मनापासून. आणि नवव्या मुद्द्यात लिहिलं, 'या विषयात गुण सढळ हाताने दिले जातात असे दिसते, त्यामुळे विद्यार्थी तो ज्ञानासाठी नव्हे तर गुणांसाठी घेतात.' साहेबांनी विचारलं, याला आधार काय. मी म्हणालो, अठ्ठावीसचे पस्तीस झालेले मला माहीत आहेत. मुलीचं नाव नाही सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, तरी नाही सांगितलं. … हो, तेवढंच. तेवढंच काय ते.

ओरडा माझ्यावर. एक शिवी द्या, गिरणगावात वाढलात, येत असतील की चांगल्या चार. मी इथे आत जाऊन दार लावून घेईन असं वाटतं का तुम्हाला? नाही लावणार. मला लाज वाटते, जयवंतराव. तुम्ही मघाशी पेढ्यांचा खोका पुढे केलात आणि म्हणालात, तुमच्यामुळे, तेव्हा वाटलं जमीन फाटावी म्हणतात ते उगीच नाही म्हणत. मी तेव्हाच ते पत्र लिहून देऊ शकलो असतो, माहीत आहे? दहा ओळी. 'आय रिग्रेट माय इनॅबिलिटी.' तुम्ही आनंदानं भांडुपला नेऊन दिलं असतंत, सोमवारी नोटीस वाचली असतीत, आणि ना कॉलेज ना शाळा. आणि तरी तुम्ही मलाच विचारायला आला असतात, आता काय करू म्हणून. लिहायला बसलोसुद्धा होतो मी. हे 'डियर सर' माझ्याच अक्षरात आहे. त्याच्यापुढे हात गेला नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे, आणि ते काही फार नाही.

किती वाजले? चार वाजून पाच. वेळ आहे. इकडे या — नको, बसा तिथेच, मी लिहितो. हा कागद फाडतो. नवा घेतो. 'डियर सर, आय ॲम ग्रेटफुल फॉर युवर काइंड ऑफर अँड ॲम ग्लॅड टू ॲक्सेप्ट द पोस्ट ऑफ असिस्टंट टीचर.' जूनच्या कितव्या तारखेपासून म्हणतायत? दहा. 'फ्रॉम द टेन्थ ऑफ जून.' झालं, याहून जास्त काही लागत नाही. इथे सही करा. सरबत घ्या थोडं, तसंच आहे अजून. करा सही. हं. भांडुप काय, पुढचंच स्टेशन, आत्ता निघालात तर साडेचारला शाळेच्या दारात असाल. हेडमास्तरांच्या हातात द्या, शिपायाकडे देऊ नका. वहिनींना सांगा — काय सांगायचं ते सांगा. माझं खरं ते सांगा.

थांबलात का? … ती सात मुलं? हो, यंदा फर्स्ट इयरला घेतलेली, इंटरला तुमचा विषय पुढे चालवणारी सातच आहेत, त्यांना मध्येच सोडता येत नाही, त्यांना जुने नियम लागू. त्यांचं काय करायचं याचाही ठराव झाला ना. सात मुलांसाठी वेगळा माणूस नको असं ठरलं. कोण शिकवणार म्हणजे — मी. माझं संस्कृत होतं बी.ए.ला, तेव्हा साहेब म्हणाले, संस्कृत येतं त्याला अर्धमागधी येतेच. तुम्ही हसू नका. बरं, हसा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पहिल्या दोन ओळी वाचल्या मंगळवारी रात्री आणि पुस्तक मिटून ठेवलं. सुगंधा त्या सातांत आहे, माहीत आहे मला. ती दाराशी येऊन विचारून गेली, सर, घाडीसर येणार नाहीत का आता. मी म्हणालो, तू अभ्यास कर.

काय म्हणता? … रविवारी? तुम्ही येणार? शाळा सांभाळून, दर रविवारी सकाळी दोन तास, सातांना शिकवायला — आणि पगार नको. फुकट. कॉलेजातच, कारण तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात मुलं बसायची कुठे, बरोबर आहे. फक्त वर्ग उघडून द्यायला पाहिजे, शिपाई भाऊला एक चिठ्ठी पाहिजे. हो, चिठ्ठीवर सही प्रमुखाची लागते. म्हणजे माझीच.

जयवंतराव, असं करू नका हो. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. हे बघा, जरा विचार करा — रविवारी वर्ग उघडा दिसला की सोमवारी साहेबांच्या कानावर जाणार. ते विचारणार, विषय बंद केला, माणूस कमी केला, मग हा आत कसा, आणि तुम्हाला येतं म्हणून तुमच्याकडे दिलं ना, मग दुसरा माणूस कशाला. मग परत यादी निघणार. परत तर्कशास्त्र निघणार. माझी अजून अकरा वर्षं आहेत नोकरीची. मुलं हुशार आहेत, काढतील मार्गदर्शिका बघून, पास होण्यापुरतं होऊन जाईल. … सुगंधा नाही होणार. हो. ती नाही होणार, तिला समजावून सांगावं लागतं, तुम्ही म्हणाला होतात. … मी वाटेल ते करतो, तुमच्याबरोबर आत्ता भांडुपला येतो, हेडमास्तरांना तुमच्याबद्दल चार शब्द बोलतो, वहिनींच्या पाया पडतो म्हणाल तर. सही तेवढी नका मागू. एवढीशी चिठ्ठी आहे हे दिसतंय मला. दोन ओळींची आहे. नाही होत माझ्याच्यानं.

निघालात? बरं. या. पत्र घडी करून आतल्या — हातातच धरा, चुरगळेल नाहीतर. सांभाळून, तिसरी पायरी फुटलीय. अगं, त्यांच्यामागे दार लाव. लाव ना गं, बघतेस काय माझ्याकडे. आणि तू कुठे निघालीस? … कोपऱ्यापर्यंत सोडून येतेस? अगं, त्यांना रस्ता माहीत आहे. अगं ऐक — निदान चपला तरी घाल.